नम्र झालो तरच तारण, मग नम्रता हेही कर्मच झालं की!

प्रश्न असा आहे: "देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि लीनांवर कृपा करतो, हे लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणजे आधी लीन व्हायचं, मग कृपा. पण इफिसकरांस पत्र (२:८-९) म्हणतं की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं आहे, कर्मांनी नाही, कुणी बढाई मारू नये म्हणून. मग लीन होणं हे कर्म नाही का? आणि माझी खरी अडचण पुढेच आहे. मी नम्र व्हायला जातो, थोडं जमलंसं वाटतं आणि लगेच त्याचाच अभिमान वाटायला लागतो. अशा माणसाचं तारण झालंय असं म्हणायचं का?"

चर्चचा पाळक म्हणून २६ वर्षं काढली. हा प्रश्न या ना त्या रूपात दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारा बहुतेक वेळा मंडळीतला सगळ्यात प्रामाणिक माणूस असतो. ज्यानं विचारायला हवा तो कधीच विचारत नाही.

सुरुवात दाखल्यापासून करतो, कारण गुंता तिथंच आहे आणि सुटकाही. लूक १८:९-१४. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात, एक परुशी, एक जकातदार. आपण हा दाखला इतक्यांदा ऐकलाय की परुशी पहिल्याच ओळीत खलनायक वाटतो. ज्यांनी तो पहिल्यांदा ऐकला त्यांना तसा वाटला नसणार. परुशी म्हणजे शास्त्र मनापासून पाळणारा माणूस. नियमशास्त्रानं सक्तीचा उपास वर्षातून एकच सांगितला होता, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. हा आठवड्यातून दोनदा उपाशी राहतो. सगळ्या उत्पन्नाचा दशांश देतो. आणि जकातदार? परक्या सत्तेच्या आडोशानं आपल्याच लोकांना नाडणारा. कुठल्याही मंडळीच्या कमिटीवर परुश्याची निवड पहिल्याच फेरीत होईल. जकातदाराच्या हातात कुणी दानपेटीची किल्ली देणार नाही.

आता परुश्याची प्रार्थना सावकाश वाचा. ती सुरू होते आभारानं. 'मी माझ्या बळावर हे केलं' असं तो म्हणत नाही. तोंडानं तरी सगळं श्रेय तो देवालाच देतोय. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मला घाम फुटला होता, कारण माझीही प्रार्थना अशीच सुरू होते. मग बिघडलं कुठे? त्याच्या अख्ख्या प्रार्थनेत एकही मागणी नाही. तो मागायला आलेलाच नाही, हिशेब दाखवायला आलाय. आणि आपला हिशेब उजळ दिसावा म्हणून त्याला मागे उभा असलेला जकातदार लागतो. तुलनेला कुणी नसेल तर ही प्रार्थना उभीच राहत नाही.

जकातदाराकडे मागणीशिवाय दुसरं काही नाही. 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' मूळ ग्रीकमध्ये इथलं 'दया कर' हे क्रियापद नेहमीचं नाही. त्याचं नातं प्रायश्चित्ताशी आहे, पापाची भरपाई होऊन देव प्रसन्न होण्याशी. जिथे रोज सकाळ-संध्याकाळ यज्ञ होत त्या मंदिरात उभा राहून तो म्हणतोय, जे वेदीवर चाललंय ते माझ्यासाठीही धर. शिवाय ग्रीकमध्ये 'पापी' या शब्दाला निश्चित उपपद लावलेलं आहे. 'अनेकांतला एक पापी' असा तो सूर नाही. 'तो पापी', जणू जगात दुसरा कुणी नाहीच. परुश्याला तुलनेसाठी सगळं जग पुरलं नाही, याला कुणाची आठवणही झाली नाही.

निकाल काय लागतो? हा नीतिमान ठरून घरी गेला. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात ज्या क्रियापदावर आपली सगळी मांडणी उभी करतो, तेच हे क्रियापद. त्यानंतर येशू म्हणतो की जो स्वतःला उंच करतो तो नमवला जाईल आणि जो स्वतःला नमवतो तो उंच केला जाईल. हे वाक्य एकटं उचललं की नोकरीतल्या नियमासारखं ऐकू येतं: वाका, बढती मिळेल. पण दाखल्यातल्या माणसाला आपण वाकतोय याचा पत्ताच नाही. नम्र दिसावं म्हणून तो लांब उभा राहिलेला नाही. पुढे जायचं त्याला धाडस होत नाही. 'बघ देवा, मी छाती बडवतोय' असं तो म्हणाला असता तर तो परुश्याच्याच शेजारी जाऊन उभा राहिला असता, फक्त कपडे वेगळे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: नम्रता ही तारणासाठी मोजायची रक्कम असेल, तर होय, ते कर्मच, आणि फार महागडं कर्म. पण शास्त्र तिला रक्कम म्हणून मागत नाही. मागायला आलेल्या माणसाचे हात रिकामे असतात, तेवढंच तिचं म्हणणं. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन यानं विश्वासाला रिकाम्या भांड्याची उपमा दिली आहे. भांडं रिकामं असल्याबद्दल कुणी त्याला बक्षीस देत नाही, पण भरलेल्या भांड्यात ओतताही येत नाही.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, 'मिंधा'. कुणाचं मिंधं राहायचं नाही, फुकटचं घ्यायचं नाही, उपकाराची परतफेड व्याजासकट करायची, हे आपण सद्गुण म्हणून शिकतो आणि व्यवहारात ते चांगलंही आहे. तारणाच्या बाबतीत मात्र हीच वृत्ती आड येते. मला भेटलेले फार थोडे लोक 'मी देवापेक्षा मोठा' अशा गर्वानं अडले. जे अडले ते बहुतेक मिंधेपणाच्या भीतीनं. फुकट क्षमा नको, काहीतरी करायला सांगा.

दुसऱ्या राजे पुस्तकातल्या पाचव्या अध्यायातला नामान हा या रोगाचा नमुना आहे. अरामी सेनापती, पराक्रमी, पण कोडी. अलीशा संदेष्ट्याकडे निघताना बरोबर काय घेतो? १० किक्कार चांदी, ६,००० शेकेल सोनं (ही तेव्हाची वजनं), वर १० उंची पोशाख. म्हणजे बरं व्हायचंय, पण रोखीनं. अलीशा दारातसुद्धा येत नाही. निरोप पाठवतो, यार्देन नदीत ७ वेळा बुडी मार. नामान भडकतो. तो म्हणतो, आमच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अबाना आणि परपर नद्या काय वाईट आहेत? त्याच्या चाकरांचं वाक्य मला सगळ्या गोष्टीत शहाणपणाचं वाटतं: संदेष्ट्यानं काही अवघड काम सांगितलं असतं तर ते तुम्ही केलं नसतं का? अवघड काम त्यानं आनंदानं केलं असतं! राग आला तो सोपेपणाचा. पुढे बरा झाल्यावर तो पैसे पुढे करतो आणि अलीशा एक नाणंही घेत नाही. सोनं जसं आणलं तसं परत. (अलीशाचा चाकर गेहजी मागून धावत जाऊन त्यातलं थोडं उकळतो आणि नामानाचं कोड त्याला जडतं. तो भाग उपदेशात सहसा गाळला जातो. फुकट मिळालेल्या कृपेची पावती फाडणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.)

बरं, रिकामे हात तरी माझे मी केले ना, असा पुढचा प्रश्न येतोच. तो नवा नाही. इ. स. ५२९ मध्ये आजच्या दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंज इथे बिशपांची एक परिषद भरली होती. तिच्या सहाव्या नियमात नेमका हाच मुद्दा आहे: कृपेचं साहाय्य माणसाच्या नम्रतेवर किंवा आज्ञाधारकतेवर अवलंबून आहे असं जो मानतो, आणि आपण नम्र व आज्ञाधारक होतो हेच कृपेचं देणं आहे हे जो मानत नाही, तो प्रेषिताच्या विरोधात जातो. आधाराला पौलाचं वचन घेतलंय: तुझ्याजवळ असं काय आहे, जे तुला मिळालेलं नाही? तुमच्या पहिल्या प्रश्नाला चर्चनं जवळजवळ १,५०० वर्षांपूर्वी दिलेलं हे उत्तर आहे. क्रम 'आधी लीनता, मग कृपा' असा नाही. कृपा आधी आलेली असते, आणि ती आल्याचं माणसाला पहिल्यांदा कळतं ते बहुधा याच रूपात, की त्याचा ताठा ढिला पडू लागतो.

कृपा मिळाल्यावर माणसाचा वाटा किती, यावर पंथांचं जमलेलं नाही, ते इथे उगाळत बसत नाही. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनं १५१८ च्या हायडेलबर्ग वादसभेत मांडलं की स्वतःच्या कुवतीबद्दल पूर्ण निराश झाल्याखेरीज माणूस ख्रिस्ताची कृपा घ्यायला तयार होत नाही. कॅथलिक चर्चनं ट्रेंटच्या परिषदेत, १५४७ मध्ये, सुरुवात कृपेचीच असं म्हणत माणसाच्या संमतीला आणि सहकार्याला जागा ठेवली. १९९९ मध्ये ल्यूथरन जागतिक संघटना आणि रोम, म्हणजे कॅथलिक चर्च, यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या; आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे तर केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो, हे तिच्यात दोघांनी मिळून म्हटलंय. तुमच्या प्रश्नापुरतं तेवढं बास आहे.

मला स्वतःला जास्त भावते ती मठांची जुनी युक्ती. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत, सातव्या अध्यायात, नम्रतेच्या १२ पायऱ्या आहेत. पहिली देवाचं भय. मग स्वतःच्या इच्छेवर न चालणं, आज्ञा पाळणं, अन्याय सोसणं, मनातलं कबूल करणं, असं करत संन्यासी वर्षानुवर्षं चढत राहतो. बाराव्या पायरीवर तो काय म्हणत असतो? मान खाली, नजर जमिनीवर, आणि मनात त्या जकातदाराची प्रार्थना. म्हणजे १२ पायऱ्या चढून माणूस पोचतो कुठे, तर जकातदार जिथून सुरुवात करतो तिथे. बेनेडिक्टला यातली गंमत कळत होती की नाही ठाऊक नाही, मला मात्र ती वाचताना हसू आल्याशिवाय राहत नाही.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचीही एक रीत अशीच मिस्किल आहे. ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या तयारीत त्यांचा एक रविवार या परुशी-जकातदाराचा असतो, आणि त्यानंतरचा अख्खा आठवडा बुधवार-शुक्रवारचे नेहमीचे उपाससुद्धा करत नाहीत. परुशी आठवड्यातून दोनदा उपास करायचा ना? मग या आठवड्यात कुणी उपासाचा टेंभा मिरवायचा नाही.

आता दुसरा, अवघड प्रश्न. नम्रतेचा अभिमान.

हा अनुभव मला चांगलाच आहे. सेवेच्या चौथ्या की पाचव्या वर्षी मी याच दाखल्यावर उपदेश केला. गर्वाचे सगळे पदर सोलून काढले, शेवटी स्वतःच्या गर्वाची कबुलीही दिली, आवाज थोडा भरून आला. उपासना संपल्यावर दाराशी उभा राहिलो आणि कुणीतरी 'आज फार नम्रतेनं बोललात' असं म्हणेल म्हणून वाट बघत राहिलो. एक आजी आल्या, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पाळकसाहेब, मागच्या बाकांवर काही ऐकू येत नव्हतं." दिवसभर मी त्या माइकवाल्यावर चिडून होतो.

त्यावरून मला जे उमगलं ते असं. नम्रता ही बघायची वस्तू नाही. डोळ्यानं सगळं दिसतं, डोळा दिसत नाही; आरशात बघायला गेलात तर दिसतो, पण तेवढा वेळ दुसरं काही दिसत नाही. तुम्ही नम्रतेची नाडी रोज तपासताय आणि ती प्रत्येक वेळी बिघडलेली सापडतेय, यात नवल नाही. तपासणं हेच बिघडण्याचं कारण आहे. शुभवर्तमानातला रोमी शताधिपती बघा (लूक ७). त्याचा दास मरायला टेकलाय. यहूदी वडील, म्हणजे समाजाचे पुढारी, येशूला सांगतात, हा लायक माणूस आहे, यानं आम्हाला सभास्थान बांधून दिलं. तो स्वतः निरोप पाठवतो, तू माझ्या छपराखाली यावं एवढी माझी लायकी नाही. नुसता शब्द बोल. येशू आश्चर्य करतो. कशाचं? त्याच्या नम्रतेचं नाव तो काढत नाही. 'एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही' असं म्हणतो. तेच वाक्य आपण नम्रता म्हणून ऐकलं, त्यानं विश्वास म्हणून ऐकलं. शताधिपतीचं लक्ष स्वतःच्या नालायकीवर खिळलेलं नव्हतंच. येशूच्या शब्दाची ताकद त्याला दिसली होती, आणि लायकीचा प्रश्न त्यातच निकालात निघाला होता.

म्हणून 'मी पुरेसा नम्र आहे का' या प्रश्नावर तारणाची खात्री टांगू नका. ती खुंटी तुमच्याच भिंतीतली आहे, कधीही निखळेल. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वेगळीकडे बोट दाखवतो. देवाच्या स्वरूपाचा असूनही ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, स्वतःला लीन केलं, मरणापर्यंत, तेही वधस्तंभावरच्या. ग्रीक-रोमी जगात 'लीन' हा शब्द कौतुकाचा नव्हता. खालच्या दर्जाचा, गुलामी वृत्तीचा, असा त्याचा वास होता. तो शब्द इथे थेट ख्रिस्ताला लावलाय. आपलं तारण ज्या नम्रतेवर उभं आहे ती ही आहे, आणि ती कुणा दुसऱ्याची आहे. थोडं पुढे पौल सांगतो की भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, आणि श्वास न घेता जोडतो, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे दोन्ही तुमच्यात देवच साधून देतो. बाराव्या वचनावर थांबणारे दमतात, तेरावंच वाचणारे सुस्तावतात.

मग अभिमान वाटला की करायचं काय? कबूल करायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. त्यावर दुःख करत बसणं हासुद्धा, मला विचाराल तर, मीपणाचाच एक लाड आहे: 'माझ्यासारख्याला गर्व व्हावा?' व्हायचाच. ल्यूथरच्या मरणानंतर, १५४६ मध्ये, त्याच्या शेवटच्या टिपणात सापडलेलं वाक्य होतं: आम्ही भिकारी आहोत, हे खरं. भिकाऱ्याला स्वतःच्या भिकारीपणाचा अभिमान वाटला म्हणून त्याची झोळी भरलेली नसते.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कडक आहे. नम्रतेच्या नावानं दुसऱ्याला दाबणं. नवऱ्याचा मार खाणारी एक बाई माझ्याकडे आली होती. आधी ज्या मंडळीत गेली तिथल्या एका वडिलानं, म्हणजे पुढाऱ्यानं, तिला सांगितलं होतं, 'नम्र राहा, प्रभूही गप्प राहिला.' हे शुभवर्तमान नाही. नम्रता फक्त स्वतःकडून मागायची असते. शास्त्रात ती बळकटाला सांगितली आहे तितकी दुबळ्याला सांगितलेली नाही, आणि ख्रिस्तानं जे सोडलं ते स्वतःचं सोडलं, दुसऱ्याकडून सोडवून घेतलं नाही. कलस्सैकरांस पत्र (२:१८, २३) तर दिखाऊ लीनतेपासून सावध करतं, शरीराचे हाल करून घेणारी, दिसायला शहाणपणाची, आणि वासनेला आवर घालायला निरुपयोगी. 'मी किडा, मी धूळ' असं दर प्रार्थनेत म्हणणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. वार्षिक सभेत आभारप्रदर्शनात त्यांचं नाव राहून गेलं, तर तीन महिने उपासनेला आले नाहीत. धुळीला एवढा राग येत नाही.

तुमच्याबद्दल मला चिंता वाटत नाही. ज्याला आपला गर्व टोचतो त्याच्यात कुणीतरी काम करतंय. रात्री प्रार्थना करताना स्वतःचा अहवाल देऊ नका, चांगला नाही आणि वाईटही नाही. काहीतरी मागा. अगदी साधं मागा. दिवसा कुणाच्या बाबतीत तुमच्याकडून चूक झाली असेल तर 'पण' न लावता माफी मागा. आणि कुणी मदत देऊ केली तर घ्या, लगेच परतफेडीची सोय न बघता. हे तिसरं सगळ्यात जड जातं.

आमच्या मंडळीचे एक जुने खजिनदार होते. चाळीस वर्षं हिशेबात पैशाची चूक नाही, आणि कुणाच्या घरचा चहासुद्धा उधार नाही. अर्धांगवायूनं उजवा हात गेला, डावा थरथरायचा. महिन्याच्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, मी घरी गेलो. त्यांना भाकर स्वतःच्या हातानं घ्यायची होती. दोनदा ती पांघरुणावर पडली. तिसऱ्यांदा मी ती त्यांच्या तोंडाशी नेली, तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी काही बोललो नाही. हात तसाच धरून बसलो, बराच वेळ, खांदा भरून आला. मग त्यांनी मान वळवली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

पुढल्या महिन्यात गेलो तेव्हा ते आधीच उशीला टेकून, तयार होऊन बसले होते. मला यायला अर्धा तास उशीर झाला होता, त्याबद्दल माझी चांगली हजेरी घेतली, आणि मग तोंड उघडलं.